लामा, लोकर आणि टकळी : प्रस्तावना

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगाला उभ्या असलेल्या आंदीज पर्वताच्या रांगांमध्ये, पेरूच्या दक्षिण भागापासून बोलिव्हियातून पुढे चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमाप्रदेशापर्यंत जे विस्तीर्ण पठार पसरलेले आहे, जेथे भूमी समुद्रसपाटीपासून सामान्यतः साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे, जेथे दिवसाचे ऊन कातडी करपवते आणि त्याच दिवसाची रात्र ओढ्याचे पाणी गोठवते, त्या पठारावर मनुष्याने वस्ती केली, राज्ये उभारली आणि सहस्रावधी वर्षे आपला संसार चालविला, तो मुख्यतः एका प्राण्याच्या आश्रयाने. चार हजार मीटरांच्या वर मक्याचे पीक येत नाही. कडवट जातीचे बटाटे हाती लागतात, तेही हिमकणांच्या तडाख्यातून वाचले तर. त्याहून वर उरते ते ‘इचू’ नावाचे राठ, पिवळसर गवत आणि हिमनद्यांच्या पाण्यावर जगणारी पाणथळ कुरणे. मनुष्याला निरुपयोगी असलेले हे गवत ज्याच्या देहात उपयोगी होते तो प्राणी लामा. त्याची लोकर हे वस्त्र, त्याची पाठ हे वाहन, त्याची लेंडी हे खत आणि सरपण, आणि त्याचे मांस उन्हात व थंडीत सुकवून ठेवले की ती वर्षाची बेगमी.

प्रस्तुत ग्रंथ या प्राण्याच्या संगोपनाविषयी आणि त्याच्या लोकरीचे हाताने सूत काढण्याच्या परंपरेविषयी आहे. पशुपालन हे एका खात्याचे काम आणि सूतकताई दुसऱ्या खात्याचे, अशी वाटणी करण्याची आपल्या काळाला सवय जडली आहे. परंतु आंदीजच्या पठारावर जी स्त्री सकाळी कळप घेऊन डोंगरावर जाते तिच्याच हातात टकळी असते, आणि संध्याकाळी ती परतते तेव्हा कळपही चरलेला असतो व सूतही भरलेले असते. म्हणून या दोन गोष्टींचे विवेचन एकत्रच करणे मला प्राप्त झाले. शिवाय माझे एक प्रतिपादन आहे, ते येथेच सांगून टाकतो. लामाचे हातसूत आजवर टिकून राहिले याचे कारण त्या लोकांचे दारिद्र्य किंवा त्यांची अनभिज्ञता हे आहे, असे प्रवासवर्णनांतून पुष्कळदा सूचित केलेले असते, आणि ते मला मान्य नाही. त्याचे कारण प्रथमतः लोकरीच्या घडणीत आहे आणि नंतर बाजाराच्या इतिहासात आहे. या दोहोंचा विचार केल्यावाचून त्या कलेचे मोल कळावयाचे नाही.

लामा हा उंटाच्या कुळातला. या कुळाची जन्मभूमी उत्तर अमेरिका. तेथून एक शाखा बेरिंगच्या भूसेतूवरून आशियात उतरली आणि तिच्यापासून पुढे मारवाडचा एकमदारी आणि मध्य आशियाचा दुमदारी उंट झाला, दुसरी शाखा सुमारे तीस लक्ष वर्षांपूर्वी पनामाच्या संयोगभूमीने दक्षिणेस आली. मूळ भूमीतील उंट मात्र सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले. दक्षिणेच्या शाखेत आज चार जाती आहेत. ग्वानाको आणि व्हिकुन्या या दोन रानटी, लामा आणि अल्पाका या दोन पाळीव. लामा ग्वानाकोपासून उत्पन्न झाला हे पूर्वीपासून मान्य होते. अल्पाकाचे मूळ व्हिकुन्यात आहे, ही गोष्ट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनाने पुढे आली. पेरूच्या हुनीन प्रांतातील तेलारमाचाय या शैलाश्रयात सापडलेल्या हाडांवरून असे अनुमान निघते की सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी तेथील शिकारी हळूहळू पशुपालक बनले.

या प्राचीन पशुपालकांचे कौशल्य कोणत्या कोटीचे होते याचा एक साक्षात पुरावा उपलब्ध आहे, आणि तो इतका विलक्षण आहे की त्याजपाशी थोडे थांबले पाहिजे. पेरूच्या दक्षिणेस मोकेग्वा प्रांतात एल याराल नावाचे स्थळ आहे. तेथे सुमारे हजार वर्षांपूर्वी चिरिबाया लोकांनी लामा आणि अल्पाका यांचे बळी देऊन त्यांना घरांच्या जमिनीखाली पुरले होते. त्या वाळवंटी कोरडेपणामुळे ती शरीरे लोकरीसकट जशीच्या तशी वाळून राहिली. जेन व्हीलर या विदुषीने त्या लोकरीची परीक्षा केली, तेव्हा आढळले की तिचा तंतू आजच्या लामा-अल्पाकांच्या तंतूहून अधिक तलम आणि अधिक एकसारखा होता. म्हणजे वंशनिवडीची एक प्रगल्भ विद्या त्या काळी अस्तित्वात होती आणि मध्यंतरीच्या उत्पातात ती बरीचशी नष्ट झाली. आज आपण ज्या लामाला पाहतो तो त्या विद्येचा अवशेष आहे, ही गोष्ट वाचकाने पुढील प्रकरणे वाचताना स्मरणात ठेवावी.

संगोपनाचा क्रम साधा दिसतो, पण त्यात पुष्कळ विचार साठलेला आहे. रात्री कळप दगडी कुंपणाच्या वाड्यात असतो. सकाळी गवतावरचे हिम वितळल्यावरच त्याला बाहेर काढतात. राखणदारीचे काम बहुधा स्त्रियांचे आणि मुलांचे. कुत्रा असो वा नसो, गोफण हवीच. भरकटणाऱ्या जनावराच्या अंगावर दगड न घालता तो त्याच्या पलीकडे टाकतात, म्हणजे आवाजाने दचकून ते आपोआप वळते. लामाचे पाऊल दोन बोटांचे, खाली मऊ गादी असलेले. घोड्याच्या किंवा मेंढीच्या खुराप्रमाणे ते जमीन उकरीत नाही, आणि जेथे एकदा उघडी पडलेली माती पुन्हा झाकण्यास वर्षानुवर्षे लागतात त्या प्रदेशात या एका गुणाची किंमत फार मोठी आहे. कळपातील सर्व जनावरे ठराविक जागीच लेंड्या टाकतात, त्यामुळे त्या गोळा करणे सोपे जाते. त्यांतील निम्म्या बटाट्याच्या शेतात पडतात, निम्म्या वाळवून चुलीत जातात. झाडे नसलेल्या त्या पठारावर पोतोसीच्या खाणींतील चांदी वितळविण्याच्या भट्ट्यांनाही हेच इंधन पुरत असे.

मादीचा गर्भकाल साडेअकरा महिन्यांच्या आसपास असतो आणि एका वेळी एकच पिल्लू होते. प्रसूती पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान, आणि बहुतांशी सकाळच्या प्रहरी होते. याचे मर्म असे की लामाची मादी आपल्या पिल्लाला चाटत नाही, तिच्या जिभेची घडणच तशी नाही. ती केवळ त्याच्याजवळ उभी राहून, नाकाने हुंगून, हलका गुंजारव करीत राहते. पिल्लाला कोरडे करण्याचे काम सूर्याचे. दुपारी उशिरा जन्मलेले पिल्लू रात्रीच्या गारठ्यात दगावण्याचा संभव असतो, म्हणून त्या दिवसांत राखणदार स्त्री कळप फार दूर नेत नाही. विरळ हवेतही या प्राण्याला धाप लागत नाही, कारण त्याच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल, लहान आणि विपुल असतात व त्याचे रक्त प्राणवायू अधिक आवेगाने ओढून घेते.

कळपाविषयीची आस्था धर्मविधींतही उतरलेली आहे. फेब्रुवारीतील कार्निव्हालच्या सुमारास आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, जेव्हा भूमाता पाचामामा जागी असते असे मानतात, तेव्हा जनावरांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात, मक्याची चिचा शिंपतात, कोकाची पाने आणि लामाची चरबी अर्पण करतात, आणि काही ठिकाणी एका तरुण नराचे व मादीचे रीतसर लग्नही लावतात. घरोघर लामाच्या आकाराच्या लहान दगडी मूर्ती असत. त्यांच्या पाठीत एक खळगा, त्यात चरबी भरावयाची. सतराव्या शतकात मूर्तिभंजनाचा जो उच्छाद पेरूत झाला, त्यात अशा मूर्ती शेकड्यांनी फोडल्या गेल्या. त्या मोहिमेतील पाद्री आर्रियागा याने १६२१ साली छापलेल्या पुस्तकात त्यांचा तपशील दिला आहे. कळपावरची श्रद्धा मात्र फुटली नाही.

त्याच शतकाच्या आरंभी, सुमारे १६०८ साली, लिमाच्या पूर्वेकडील उवारोचिरी भागातील कथा केचुआ भाषेत लिहून घेण्यात आल्या. त्यांतील एक कथा या ग्रंथाच्या विषयाला इतकी लागू आहे की तिचा सारांश येथे देतो. आकाशगंगेच्या प्रकाशाच्या पट्ट्यात जे काळे डाग दिसतात, त्यांत आंदीजच्या लोकांनी एक विशाल लामा पाहिला. त्याचे नाव याकाना. मध्यरात्री, कोणाला न कळता, तो पृथ्वीवर उतरतो आणि समुद्राचे पाणी पिऊन टाकतो. तसे त्याने केले नाही तर जग बुडून जाईल. असाच तो एकदा एका झऱ्यावर पाणी पिण्यास उतरला असता त्याच्या लोकरीच्या भाराखाली एक मनुष्य सापडला. पहाट झाली तेव्हा तेथे निळी, पांढरी, काळी अशा सर्व रंगांची लोकर पसरलेली दिसली. त्या मनुष्याजवळ जनावरे नव्हती. त्याने त्या जागेची पूजा केली, एक नर व एक मादी विकत घेतली, आणि त्या जोडीपासून त्याचा कळप दोन-तीन हजारांवर गेला. संपत्तीचा आरंभ येथे लोकरीपासून होतो आणि जनावर मागाहून येते, हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. त्या आकाशस्थ लामाचे डोळे म्हणजे नरतुरंगातील मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे. मे महिन्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ ते महाराष्ट्रातूनही दिसतात, आणि निरभ्र आकाश लाभल्यास वाचकाने ते अवश्य पाहावेत.

आता लोकरीकडे वळू. लामाच्या अंगावर दोन थर असतात: आत दाट, मऊ, तलम लव आणि तिच्यातून वर आलेले जाड, सरळ, राठ केस. बोलिव्हियात आखूड केसांच्या लामाला ‘कारा’ आणि भरघोस लोकरीच्या लामाला ‘थाम्पुली’ म्हणतात. पहिला ओझ्याचा, दुसरा लोकरीचा, अशी स्थूल वाटणी. व्हिकुन्याचा तंतू बारा-तेरा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे जगातील सर्वांत तलम प्राणिज तंतूंपैकी एक. लामाची आतली लव उत्तम अल्पाकाच्या बरोबरीची असू शकते, परंतु वरचे राठ केस तिच्यात मिसळलेले राहिले तर तेच सूत अंगाला टोचते. म्हणून कामाची पहिली पायरी निवडण्याची. पूर्वी सुरीने किंवा पत्र्याच्या धारदार तुकड्याने लोकर कापीत, आता कातरीने कापतात. दरवर्षी नव्हे, बहुधा दोन वर्षांनी एकदा, आणि तीही उबदार महिन्यांत, की थंडी येईपर्यंत अंग पुन्हा झाकले जावे. कापलेली लोकर मांडीवर घेऊन स्त्रिया राठ केस बोटांनी एकेक उपसून काढतात. पाठीची लोकर वेगळी, मानेची वेगळी, पायांची वेगळी. पांढरी, काळी, करडी आणि तपकिरीच्या नाना छटांची वेगवेगळी. मेंढीच्या लोकरीत असतो तसा चिकट स्निग्धांश यात फार थोडा, म्हणून आधी धुण्याची गरज नसते. पिंजणीचे यंत्र नाही. बोटांनीच लोकर मोकळी करीत, ओढीत तिचा एक सैल, लांब पेळू करतात आणि तो मनगटाभोवती गुंडाळून घेतात.

टकळीला केचुआ भाषेत ‘पुष्का’ म्हणतात. हातभर लांबीची लाकडी काठी आणि तिच्या खालच्या टोकाशी लाकडी चकती. डाव्या हाताने पेळूतून तंतू सोडावयाचे, उजव्या हाताने काठीला फिरकी द्यावयाची आणि ती लोंबती सोडावयाची. टकळी खाली जाते, तिच्या भाराने तंतू लांबतात, फिरण्याने त्यांत पीळ भरतो. ती जमिनीला टेकण्यापूर्वी उचलून सूत काठीवर गुंडाळले की पुन्हा आरंभ. आपल्या वाचकांतील ज्यांनी बालपणी शाळेत टकळीवर कापूस कातला असेल त्यांना हे वर्णन परिचित वाटेल. परंतु आंदीजची स्त्री हे काम बसून क्वचितच करते. ती चालत असते, चढणीवर असते, तिच्या पाठीवर मूल बांधलेले असते, नजर कळपावर असते, आणि बोटे आपले काम करीत असतात. पाच-सहा वर्षांच्या मुली राठ लोकरीवर शिकू लागतात. तलम लोकर हाती येण्यास पुढे कित्येक वर्षे जातात.

या सुताचा विशेष त्याच्या पिळात आहे. आंदीजचे पारंपरिक कापड ताण्याचे कापड आहे. उभे धागे इतके दाट असतात की आडवा बाणा त्यांच्याखाली पूर्ण झाकला जातो, आणि नक्षी सगळी उभ्या धाग्यांचीच असते. विणताना हे धागे प्रत्येक फेरीला एकमेकांवर घासतात. सैल सूत तेथे क्षणभर टिकणार नाही. म्हणून एकेरी सूत उजव्या फिरकीने काढल्यावर दोन धागे एकत्र करून, ‘कांती’ नावाच्या अधिक मोठ्या टकळीवर उलट्या फिरकीने त्यांना पुन्हा कडक पीळ देतात. असे सूत हातातून सोडले की स्वतःभोवतीच वळते. याच्या नेमकी उलट, म्हणजे आधी डाव्या आणि मग उजव्या फिरकीने काढलेल्या सुताला ‘ल्योके’ म्हणतात. वस्त्राच्या कडांना ते घातले तर कड सरळ राहते, आणि अरिष्ट टाळण्याची शक्तीही त्यात मानलेली आहे, म्हणून ते हातापायांना बांधण्याचीही वहिवाट आहे. एका धाग्यात यंत्रशास्त्र आणि श्रद्धा दोन्ही इतक्या घट्ट पिळलेल्या असताना त्यांतील एकच उलगडून पाहण्याचा खटाटोप मी केलेला नाही.

पुढे विणकाम. कापड मागावरच चारही कडांनी पुरे होते, कोठेही कापावे लागत नाही. आणि बाणा ठोकून बसविण्यासाठी जे अणकुचीदार हत्यार वापरतात ती ‘रुकी’ लामाच्याच पायाच्या हाडाची असते. रंगांत कोचिनील किड्याचा लाल सर्वांत प्रसिद्ध. पण लामाच्या बाबतीत न रंगविलेले स्वाभाविक रंगच अधिक वापरतात. विणकामापेक्षा सूतकताईलाच कितीतरी अधिक वेळ लागतो, ही गोष्ट कापड विकत घेणाऱ्यास दिसत नाही, आणि म्हणूनच कापडाचा मोबदला ठरविताना ती जवळजवळ नेहमी विसरली जाते.

उपसलेले राठ केस टाकून देत नाहीत. पुरुष त्यांचे दोर वळतात, गोफणी गुंफतात. त्यांच्याच जाड सुताच्या, काळ्या-तपकिरी पट्ट्यांच्या गोण्या विणतात. या गोण्यांतून आणि या दोरांनी बांधून माल वाहण्याचे काम पुन्हा लामाचेच. ओझ्यासाठी खच्ची केलेले नर घेतात. प्रत्येकाच्या पाठीवर पंचवीस-तीस किलो, दिवसाची मजल पंधरा-वीस किलोमीटर, त्याहून अधिक नाही, कारण हा प्राणी रात्री चरत नाही आणि दुपारनंतर त्याला मोकळे सोडावेच लागते. ओझे जास्त झाले तर तो बसतो आणि काही केल्या उठत नाही. गळ्यात घंटा बांधलेला म्होरक्या पुढे असतो. बोलिव्हियातील उयुनीच्या खारपठारावरून मिठाच्या वड्या कापून हे तांडे मे ते ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत पूर्वेकडील उबदार दऱ्यांत उतरत, आणि तेथे मिठाच्या बदल्यात मका घेऊन परतत. आपल्याकडे रेल्वे येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर कोकणातले मीठ घाटावर आणीत, त्या व्यवहाराची येथे आठवण होते. मिठाची ही यात्रा चालू असताना गोणी फाटली तर ती दुरुस्त करण्यापुरते सूत पुरुषांच्या हातातही असे. मोटारीच्या रस्त्यांनी हे तांडे आता जवळजवळ संपविले आहेत.

इंका राज्यात या सुताला जे स्थान होते त्याची कल्पना आपल्या जुन्या महसुली भाषेतच चांगली करता येईल. कळपांची वाटणी राज्य, देवस्थान आणि गाव अशी तिहेरी होती. सरकारी कोठारातून प्रत्येक कुटुंबाला लोकर मिळे आणि तिचे एक वस्त्र वर्षाला विणून सरकारजमा करणे ही त्याची बाकी असे. स्वतःच्या लोकरीतून सारा देण्याचे बंधन रयतेवर नव्हते. जॉन मुरा या अभ्यासकाने १९६२ साली लिहिलेल्या निबंधात दाखवून दिले आहे की त्या राज्याचा सारा सरंजाम, सैनिकांचे वेतन, मांडलिकांचे मानपान, देवतांचे नैवेद्य, हा वस्त्रावर उभा होता. तलम ‘कुम्पी’ वस्त्र विणण्यासाठी निवडलेल्या स्त्रिया बंदिस्त वास्तूंत राहात. जाडेभरडे ‘आवास्का’ घरोघर होई. या सर्वांचा हिशेब रंगीत दोऱ्यांच्या गाठींत, ‘खिपू’त, राही, म्हणजे वस्त्राचे दप्तरही सुताचेच. सॅन हुआन दे कोल्याता या गावात जतन केलेल्या दोन खिपूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांत सहा वेगवेगळ्या प्राण्यांचे तंतू आढळले, आणि ते ओळखण्यासाठी दोरा हाताने चाचपावा लागतो असे गावकऱ्यांनी सांगितले. ज्या बोटांनी आयुष्यभर लोकर निवडली त्यांनाच असले दप्तर वाचता येईल.

१५३२ साली स्पॅनिश लोक काहामार्का येथे पोहोचले तेव्हा त्यांना तेथील कोठारे गाठोडी बांधलेल्या वस्त्रांनी छपरापर्यंत भरलेली आढळली. त्यांची दृष्टी सोन्याकडे होती. पुढील शतकात काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सांगणे सुखाचे नाही. युद्धे, रोग आणि खाणींतील वेठबिगार यांनी मनुष्यांचा संहार झाला आणि त्यांच्याबरोबर कळपांचाही. मेंढ्या सुपीक कुरणांवर आल्या, खेचरांनी वाहतूक घेतली, लामा हटत हटत अतिउंच प्रदेशात जाऊन उरला. पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली चांदी सापडल्यावर ती आरिका बंदरापर्यंत पोहोचविण्यात असंख्य लामा खर्ची पडले. एल यारालच्या त्या तलम लोकरीचे वंश याच काळात मिसळून गेले.

एकोणिसाव्या शतकात बाजार पुन्हा आला, पण तो अल्पाकासाठी. १८३६ च्या सुमारास ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट याने लिव्हरपूलच्या वखारीत पडून असलेल्या अल्पाकाच्या गाठी पाहिल्या, ती लोकर यंत्रावर कातण्याची युक्ती शोधली, आणि १८५३ साली सॉल्टेअर ही गिरणी व तिच्याभोवतीची वसाहत उभारली. कापसाचा ताणा आणि अल्पाकाचा बाणा असे ते चकचकीत, हलके कापड जगभर गेले. महाराष्ट्रातील वकिलांच्या आणि कारकुनांच्या दोन पिढ्यांनी अल्पाकाचे काळे कोट घातले, आणि त्या कोटाचा आडवा धागा ज्या पठारावरून आला होता त्याचे नावही त्यांच्या कानी आले नव्हते. पेरूत आरेकीपा ही या व्यापाराची पेठ बनली. १८७० च्या दशकात रेल्वे तितिकाका सरोवराकाठच्या पुनोपर्यंत गेली आणि अडत्यांचे जाळे गावोगाव पसरले. त्यांना पांढरी लोकर हवी होती, कारण पांढऱ्यावर वाटेल तो रंग चढतो. परिणामी अल्पाकाच्या कळपांतून काळे, करडे, तपकिरी जनावर हळूहळू काढून टाकण्यात आले.

लामाची लोकर त्यांनी घेतली नाही, किंवा अगदी कवडीमोलाने घेतली. तिच्यातील राठ केस वेगळे काढणे गिरणीला परवडत नव्हते. जे यंत्राला जमले नाही ते मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या बाईला जमत होते; म्हणून लामाची लोकर घरातच राहिली, तिच्याबरोबर निवडण्याची, कातण्याची, वळण्याची विद्या घरात राहिली, आणि रंगांची विविधताही लामाच्या कळपांतच अधिक टिकली. बाजाराने केलेली उपेक्षा येथे संरक्षक ठरली, हेच ते प्रतिपादन.

हे संरक्षण आता दोन बाजूंनी ढासळत आहे. एकीकडे कृत्रिम धागा: नायलॉनचे दोर लामाच्या दोरांहून स्वस्त आहेत, प्लॅस्टिकची पोती गोण्यांच्या जागी आली आहेत, आणि बाजारातल्या भडक ॲक्रिलिक सुतामुळे विणणाऱ्या मुलीला कातण्याची गरज उरत नाही. तरुण मंडळी एल आल्तो आणि आरेकीपा या शहरांत कामाला जातात. हिमनद्या मागे हटत असल्याने पाणथळ कुरणे आटत आहेत. दुसरीकडे राठ केस वेगळे काढणारी यंत्रे बोलिव्हियात आली आणि लामाच्या आतल्या लवेला प्रथमच चांगला भाव मिळू लागला. पशुपालकाच्या हाती पैसा येतो याचा मला मनापासून आनंद आहे. ज्याने थंडीत कळप राखला त्याने आपली लोकर कोणाला विकावी हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच आहे, आणि कलेच्या जतनासाठी त्याने दरिद्री राहावे अशी अपेक्षा करणारा रसिक मला सहन होत नाही. मात्र हा भाव कच्च्या लोकरीला मिळतो, सुताला मिळत नाही. वजनावर लोकर विकणे सोपे झाले की कातणारे हात रिकामे होतात, आणि मूल्यवृद्धीचा सगळा नफा पुन्हा गिरणीच्या खाती जमा होतो. सॉल्टेअरच्या काळात अल्पाकाचे जे झाले तेच आज लामाचे होऊ घातले आहे.

या बाबतीत काही प्रयत्न मला आश्वासक वाटतात. कुस्को येथे १९९६ साली निल्दा कायान्याउपा यांच्या पुढाकाराने पारंपरिक वस्त्रांचे केंद्र स्थापन झाले. चिंचेरो आणि आसपासच्या गावांतील वृद्ध स्त्रिया तेथे मुलांना कातणे, रंगविणे, विणणे शिकवितात, आणि वस्त्रावर विणणाऱ्या व्यक्तीचे नाव राहते. तितिकाका सरोवरातील ताकिले बेटाच्या वस्त्रकलेला, जेथे पुरुष टोप्या विणतात, युनेस्कोने २००५ साली मान्यता दिली. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उष्ट्रवर्गीय प्राण्यांचे म्हणून पाळले. घोषणांनी कळप वाढत नाहीत, परंतु त्या निमित्ताने पठारावरील पशुपालकांचे म्हणणे काही सभागृहांत ऐकले गेले, हे खरे. माझ्या मते यापुढचा प्रश्न दराचा आहे. सुताच्या लडीचा दर निवडणी, कताई आणि दुपदरी पीळ यांच्या श्रमाचा हिशेब धरून ठरला, आणि काळ्या-तपकिरी लोकरीला पांढऱ्याहून कमी भाव देण्याची रूढी मोडली, तर या विद्येला दानधर्माची आवश्यकता राहणार नाही.

ग्रंथाच्या रचनेविषयी थोडे सांगणे उरले. पहिल्या भागात कळप, कुरणे, प्रजनन आणि रोग यांचे विवेचन आहे. दुसऱ्या आणि सर्वांत मोठ्या भागात कापणीपासून लडीपर्यंतची प्रत्येक क्रिया आकृत्यांसह दिली आहे, आणि ज्यांना टकळी हाती घेऊन ती करून पाहावयाची असेल त्यांनी मेंढीच्या लोकरीवर आरंभ करण्यास हरकत नाही, फक्त पीळ येथे सांगितला आहे तितका कडक द्यावा. केचुआ आणि आयमारा भाषांतील संज्ञा त्या त्या लोकांच्या उच्चाराला शक्य तितक्या जवळ ठेवल्या आहेत. तिसऱ्या भागात मिठाचे तांडे आणि गोण्यांची विणकला येते; तो भाग आकाराने लहान आहे, कारण ज्यांना ती वाट पायाखालून माहीत आहे असे लोक आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्याकडून अधिक माहिती टिपून घेण्याचे काम पुढील अभ्यासकांनी विनाविलंब हाती घ्यावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.